जिनिंग बंद असताना आलेलं मोठं बिल: पॉवर फॅक्टरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर ही जिनिंग-प्रेसिंग आहे, नाव-गाव मुद्दाम सांगत नाही. २४ डीआर (डबल रोलर) जिन, एक हायड्रॉलिक प्रेस, कापूस ओढायचे आणि सरकी न्यायचे फॅन, कन्व्हेअर, ऑफिस, एक बोअर आणि चौकीदाराची खोली, एवढा पसारा. प्रत्येक डीआरला साडेसात एचपीची मोटर, फॅनला ४० आणि २५ एचपीच्या, प्रेसच्या पंपाला ५० च्या दोन. वीज ११ केव्हीवर, स्वतःचा ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) २५० केव्हीए आणि मीटरिंग एचटी साइडला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आधी, ११ केव्हीच्या बाजूला. हे एचटी साइडचं लक्षात ठेवा, पुढं त्याचा संबंध येतो.

जिनिंगचं वर्ष सरळ दोन तुकड्यांत असते. दसरा-दिवाळीत काटापूजन झालं की मार्च-एप्रिलपर्यंत मिल धडधडते, मग सहा-सात महिने आवारात नुसतं ऊन आणि चौकीदार. पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या विजेतली खरं काम करणारी किती, त्याचा आकडा. त्यावर जे काही लिहिलेलं वाचायला मिळते ते बहुतेक बारमाही कारखान्याचं असते, म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, आपल्याकडं विदर्भात सीझनवर चालणारे कारखानेच जास्त.

महाराष्ट्रात एचटी ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामाची आणि बिनकामाची वीज मिळून, बिल लागते. त्याआधी केडब्ल्यूएचवर, म्हणजे फक्त कामाच्या विजेवर, लागायचं, पॉवर फॅक्टर चांगला ठेवला तर सूट आणि ०.९ च्या खाली गेला तर दंड, असं वेगळं दिसायचं. आता सूट नाही आणि दंड पण वेगळा दिसत नाही, खराब पॉवर फॅक्टर थेट युनिटच्या आकड्यात मिसळून येतो. त्यामुळं दंडाची ओळ शोधणाऱ्या माणसाला वाटते आपल्याला दंड नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.

अडचण काय होती

जुलैत शेठचा फोन आला. "भाऊ, मिल बंद हाय, एक मोटर चालू नाई, अन् बिल पाहा. मीटर जोरात पयत असन, तुमी येऊन पाहा एकडाव." त्यांनी तोवर मीटर टेस्टिंगसाठी अर्ज पण टाकून दिला होता.

बिल हातात घेतलं. जून महिन्याचे केडब्ल्यूएच २,०५० आणि केव्हीएएच १५,९००. म्हणजे पॉवर फॅक्टर ०.१३. बिलाच्या मागं आरकेव्हीएएचचे, म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणाऱ्या रिअॅक्टिव्ह विजेचे, दोन आकडे असतात, लॅग (मोटरी ओढतात ती) आणि लीड (कपॅसिटर ढकलतात ती), इथं लॅग जवळपास शून्य आणि लीड १५ हजारांच्या वर. मीटरचा काहीच दोष नव्हता. मिल बंद असताना कपॅसिटर, म्हणजे मोटरींना लागणारी रिअॅक्टिव्ह वीज जागेवरच देणारे डबे, रात्रंदिवस लाइनवर बसून होते आणि उलट्या दिशेनं रिअॅक्टिव्ह पॉवर ढकलून राहिले होते, आणि आपल्याकडचं मीटर लॅग-लीड दोन्ही धरते.

जिन हॉलच्या भिंतीला पत्र्याच्या खोक्यात ५ केव्हीएआरचे (केव्हीएआर हे रिअॅक्टिव्ह पॉवरचं माप) १२ कपॅसिटर होते, एकूण ६०. क्लॅम्प मीटर लावला तर ८३ अँपिअरच्या आसपास दिसायला पाहिजे होता तिथं ३८ दिसला. म्हणजे निम्म्याहून जास्त कपॅसिटर आतून संपले होते. आजकालच्या कपॅसिटरची फिल्म स्वतःच स्वतःला दुरुस्त करते, पण दर वेळी थोडी कपॅसिटी खाऊन, त्यामुळं तो फुटत नाही, आवाज करत नाही, गुपचूप कमी होत जातो. काहींचे डबे फुगले होते, आणि सगळ्यांवर रुईचा बोटभर थर. उरलेले २८ केव्हीएआर, त्यातले ५ ट्रान्सफॉर्मर स्वतः खातो, राहिले २३, गुणिले महिन्याचे तास, जवळपास बिलाचा आकडा येते.

मग प्रश्न पडला की आधीच्या वर्षी असं का नाही झालं. याचं उत्तर जुन्या वायरमनकडं मिळालं. म्हातारबुवा आदल्या दिवाळीनंतर नागपूरला पोराकडं राहायला गेले होते, फोनवर म्हणाले, "मी तं दरसाली पाडवा झाला का ते मेन पाडून देत होतो. कोनं सांगतलं नव्हतं, आपलं समजलं तसं करो." ती गोष्ट कुठंच लिहिलेली नव्हती. नवीन पोरगा चांगला आहे, आयटीआय केलेला, पण त्याला कोणी सांगितलंच नाही तर त्यानं कसं करायचं?

खरी मोठी गळती मात्र यात नव्हती. मी शेठला सीझनची बिलं काढायला लावली. जानेवारीचे केडब्ल्यूएच ५९,५०० आणि केव्हीएएच ७८,३००, पॉवर फॅक्टर ०.७६, आणि मॅक्सिमम डिमांड २६६, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या वर, त्याचा जादा आकार वेगळा. जूनचं बिल डोळ्यात खुपलं कारण मिल बंद होती. जानेवारीचं कुणाला खुपलं नाही कारण मिल चालू असली की बिल मोठंच येते अशी सवय झालेली. पण पैसा तिथं जाऊन राहिला होता, महिन्याला सतरा-अठरा हजार केव्हीएएच, सहा महिने.

शेठला समजावताना मला कापसाचाच दाखला सुचला. ओला कापूस काट्यावर ठेवला तर वजन १०० किलो दिसते, त्यात कामाचा कापूस ७६, बाकी ज्या वजनाचे पैसे देता त्यातून रुई निघणार नाही. सीसीआयवाले (सरकारी कापूस खरेदीवाले) ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापतात ना, तसं वीज कंपनी आता काट्यावरचं वजन धरून राहिली. हिशोबाला हा दाखला शंभर टक्के बरोबर नाही, केडब्ल्यू आणि केव्हीएआर काटकोनात जुळतात, सरळ बेरीज होत नाही, पण एवढ्यावर शेठ जे बोलले ते पक्कं होतं: "म्हंजे आपन पान्याचे पैसे भरून रायलो."

एवढा खराब का? तर मोटरींमुळं. इंडक्शन मोटरला चुंबकत्वासाठी जो करंट लागतो तो लोड कमी झाला तरी कमी होत नाही. आवक कमी असली की २४ पैकी १४ डीआर चालतात, तेही अर्ध्या फीडवर, पण फॅन पूर्णच चालतो. ४० एचपीचा एक फॅन मी मोजला, १४ किलोवॅट घेत होता, म्हणजे निम्म्यापेक्षा कमी लोड. वरून कित्येक मोटरी तीन-तीन वेळा रिवाइंड झालेल्या, आणि गावात घाईघाईत केलेल्या रिवाइंडिंगनंतर मोटरीचा नो-लोड (रिकामं फिरतानाचा) करंट बरेचदा वाढूनच येते.

कोणकोणते पर्याय होते

पहिला पर्याय शेठच्या ओळखीच्या एका एजंटनं आधीच देऊन ठेवला होता, की कॉन्ट्रॅक्ट डिमांड ३०० करून घ्या. यानं डिमांडचा जादा आकार गेला असता हे खरं, पण केव्हीएएच एकानंही कमी झालं नसतं आणि दर महिन्याचा डिमांड चार्ज कायमचा वाढला असता. लोड वाढलाच नव्हता तर डिमांड कशाला वाढवायची? हा सोडला.

दुसरा, फक्त म्हाताऱ्या वायरमनची पद्धत परत सुरू करायची, सीझन संपला की कपॅसिटरचं मेन पाडायचं. फुकटातला उपाय, आणि तो तर त्याच दिवशी केला. पण त्यानं फक्त उन्हाळ्याचं दुखणं जाते.

तिसरा, प्रत्येक मोटरीला आपापला कपॅसिटर. शास्त्राप्रमाणं हा सगळ्यात चांगला, कारण मोटर चालू तर कपॅसिटर चालू, मोटर बंद तर बंद, आणि आतल्या केबलचा करंट पण कमी होतो. मी बराच वेळ याच्याच बाजूनं होतो. पण मग जिन हॉलमध्ये उभा राहिलो. हवेत रुई, यंत्रावर रुई, आणि त्यात २४ ठिकाणी कपॅसिटर म्हणजे २४ ठिकाणी गरम होणारी, कधीतरी ठिणगी पाडू शकणारी वस्तू. जिनिंगमध्ये आग काय करते हे आपल्याकडं सांगायची गरज नाही. शिवाय मोटरीच्या नो-लोड मॅग्नेटायझिंग केव्हीएआरच्या ९० टक्क्यांपेक्षा मोठा कपॅसिटर लावला तर बंद करताना मोटर स्वतःच जनरेटरसारखी वागून व्होल्टेज चढवते, आणि रिवाइंड झालेल्या मोटरींचे आकडे एकसारखे नव्हते. म्हणून हा पण सोडला, आगीच्या कारणानंच मुख्य.

चौथा, मेन पॅनलजवळ एपीएफसी पॅनल, म्हणजे रिले लोड पाहून लागेल तेवढे कपॅसिटर टप्प्याटप्प्यानं आत-बाहेर करते. हा घेतला. यानं मोटरी थंड चालतील किंवा आतली केबल हलकी होईल असं मात्र नाही, फायदा फक्त पॅनलच्या मागं, ट्रान्सफॉर्मर आणि मीटरकडं. विकणारे बरेचदा उलट सांगतात, म्हणून शेठला हे आधीच स्पष्ट सांगून टाकलं.

फॅनच्या मोटरी बदलायचा पाचवा विषय निघाला होता, खरंतर तोच मुळावर घाव, पण एकदम एवढा खर्च नको म्हणून पुढच्या वर्षांवर ढकलला.

किती केव्हीएआर, इथं चूक होता होता राहिली

सगळ्यात जास्त वेळ या आकड्यात गेला. सरळ हिशोब असा, सरासरी लोड १७० किलोवॅट, ०.७६ वरून ०.९८ वर न्यायचा, १७० गुणिले (०.८५५ वजा ०.२०३), येतात १११ केव्हीएआर. पॅनलवाल्यानं १२५ चं कोटेशन लावून पण दिलं.

पण ०.७६ हा आकडा जुने अर्धमेले २८ केव्हीएआर धरून होता, आणि ते तर आपण काढून फेकणार. ते काढले की पॉवर फॅक्टर ०.७० वर येते आणि गरज १३९ वर जाते. दुसरं, कपॅसिटरवर जे केव्हीएआर लिहिलेले असतात ते त्याच्या रेटेड व्होल्टेजवरचे, आणि मिळणारे केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. ४४० व्होल्टचा कपॅसिटर ४१५ वर ८९ टक्केच देते. आणि आपल्याकडं हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसात पंप सुरू झाले की ४१५ पण राहत नाही, मी डिसेंबरातले जुने लॉग पाहिले तर ३९० दिसले, तिथं ७९ टक्के. मग ४१५ चेच कपॅसिटर का नाही घ्यायचे? कारण पंप बंद झाले की रात्री त्याच लाइनवर ४५० च्या वर जाते, आणि जुने कपॅसिटर, जे ४१५ चे होते, ते याच्यानंच मेले. हे सगळं धरून १७५ केव्हीएआर ठरवले, ४४० व्होल्टचे, टप्पे ५, १०, १०, २५, २५, ५०, ५०.

१२५ चं पॅनल बसलं असतं तर सीझनमध्ये ०.९४ च्या वर गेलंच नसतं आणि आम्ही रिलेलाच दोष देत बसलो असतो.

काय केलं

पॅनल जिन हॉलमध्ये बसवायचं नाही यावर मी अडून बसलो. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला एक रिकामी पक्की खोली होती, स्लॅबची, दार उत्तरेकडं, तिथं बसवलं. आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंश सहज होते, पत्र्याखाली बंद पॅनलमध्ये त्याच्याही वर, आणि साध्या कपॅसिटरची हद्दच ५५ ला संपते. एक्झॉस्ट फॅन आणि हवा आत यायच्या जाळीला फिल्टर लावला, तो दर आठवड्याला झाडायचा.

कॉन्टॅक्टर (टप्पे चालू-बंद करणारे स्विच) कपॅसिटर-ड्यूटीचेच घेतले, ज्यात आधी रेझिस्टन्समधून चार्ज होते मग मेन कॉन्टॅक्ट लागतात, साधे घेतले तर सुरुवातीच्या झटक्यानं कॉन्टॅक्ट चिकटतात. डीजीसोबत (डिझेल जनरेटर) इंटरलॉक केला, मिलचा १२५ केव्हीएचा डीजी आहे, तो चालू असताना पॅनल आपोआप बाहेर, नाहीतर लीडिंग लोडवर डीजीचं व्होल्टेज बेकाबू होते.

आणि मग व्हीएफडीचा विषय. कापूस ओढायच्या एका फॅनला ३० एचपीची व्हीएफडी, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करायचं यंत्र, आहे. एकच आहे, फार हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट) नाही, पण मी हिशोब मांडला तेव्हा काळजी वाटली. ट्रान्सफॉर्मरची इंपीडन्स साडेचार टक्के धरली तर शॉर्ट सर्किट लेव्हल ७,००० केव्हीए, भागिले १५६ केव्हीएआर, वर्गमूळ ६.७, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरची जोडी ज्या हार्मोनिकला वाढवते तो नंबर. काही टप्पे बाहेर असले की हा आकडा बरोबर ७ वरून जाते, आणि व्हीएफडी ५ वी आणि ७ वी हार्मोनिकच सोडते. म्हणजे रेझोनन्स. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्याला ७ टक्क्यांचा रिअॅक्टर (हार्मोनिक अडवणारी कॉइल) आणि जास्त व्होल्टेजचे कपॅसिटर. पॅनलची किंमत बरीच वाढत होती, शेठ म्हणाले या वर्षी राहू द्या, आणि मी एकदा सांगून गप्प बसलो.

निकाल

काटापूजनाच्या आठ दिवस आधी पॅनल सुरू केलं. नोव्हेंबरचं बिल आलं, पॉवर फॅक्टर ०.८९. शेठ काही बोलले नाहीत पण चेहरा दिसला. जाऊन पाहिलं तर पहिले दहा दिवस रिले उलटसुलट टप्पे टाकत होती. तिला करंट आर फेजचा आणि व्होल्टेज वाय-बी मधून लागते, बसवणाऱ्यानं सीटी (करंट मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर) वाय फेजवर चढवला होता. नवीन पोरानंच ते पकडलं, दहाव्या दिवशी, रिलेवरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळत नाही म्हणून. तो दिवस मला या कामातला सगळ्यात चांगला वाटते.

डिसेंबरचे केडब्ल्यूएच ६१,२०० आणि केव्हीएएच ६२,६००, म्हणजे ०.९७८. मॅक्सिमम डिमांड २६६ वरून २११ वर आली, कॉन्ट्रॅक्ट डिमांड वाढवायचा विषयच संपला. मेन केबलचा करंट पीकला ३७० वरून २९० च्या घरात. रिलेवर ०.९९ दिसते आणि बिलात ०.९८, तो फरक ट्रान्सफॉर्मरचा, कारण मीटर त्याच्या पलीकडं आहे आणि रिले अलीकडं. तिसऱ्या महिन्याच्या बिलापर्यंत पॅनलचे पैसे निघाले.

जानेवारीत २५ च्या एका टप्प्याचे फ्यूज उडाले, बदलले, परत उडाले, आणि एका कपॅसिटरचा डबा फुगला. व्हीएफडीचा फॅन बंद असला की काही होत नव्हतं. ज्याची भीती होती तेच. अर्ध्या टप्प्यांना रिअॅक्टर लावून अर्धे उघडे ठेवणं चुकीचं, लावायचे तर सगळ्यांना लावा, म्हणून तात्पुरता उपाय म्हणून व्हीएफडीच्या इनपुटला लाइन चोक, म्हणजे तशीच एक कॉइल, बसवला. त्यानंतर सीझनभर फ्यूज उडाले नाहीत.

आणि मिल बंद झाल्यावरचं पहिलं बिल, मे महिन्याचं. मला वाटलं आता प्रश्नच नाही, रिले सगळे कपॅसिटर बाहेर ठेवणार. ठेवले पण. तरी केडब्ल्यूएच २,१०० आणि केव्हीएएच ४,०००, पॉवर फॅक्टर ०.५२, या वेळी लॅगिंग. मिल बंद असताना लोड ३ किलोवॅट, म्हणजे चार अँपिअर, आणि सीटी ५००/५ चा, एक टक्काही करंट नाही, रिलेला ते दिसतच नाही. आणि दिसलं असतं तरी ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे ५ केव्हीएआर सीटीच्या मागं आहेत, ते तिला कधीच कळणार नाहीत. ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (४१५ व्होल्टच्या) साइडला, सीटीच्या आधी, ५ केव्हीएआरचा एक कायमचा कपॅसिटर वेगळ्या एमसीबीवर लावला. जूनचे आकडे २,०८० आणि २,२४०. आदल्या जूनमध्ये तिथं १५,९०० होते.

आता परत करायचं झालं तर

ट्रान्सफॉर्मरचा तो छोटा कपॅसिटर पहिल्याच दिवशी लावला असता. २३ केव्हीएआरचा हिशोब करताना मी स्वतः त्यातून ५ वजा केले होते, म्हणजे मला ते माहीत होतं, पण डोकं पूर्ण सीझनच्या आकड्यात होतं आणि बंद मिलचा वेगळा हिशोब कागदावर मांडलाच नाही. आता कोणत्याही जिनिंगचं काम घेतलं की मी दोन कागद करतो, एक चालूचा, एक बंदचा.

रिअॅक्टरच्या बाबतीत मी जास्त जोर लावायला पाहिजे होता. आकडा ७ जवळ येते हे पाहिल्यावर ती पसंतीची गोष्ट राहत नाही. निदान लाइन चोक तरी सुरुवातीलाच सांगायला पाहिजे होता, एका कपॅसिटरपेक्षा थोडाच महाग पडला असता, आणि भर सीझनमध्ये, रुई उडत असताना फुगलेला डबा पाहायची वेळ आली नसती. शेठनं पुढच्या सीझनच्या आधी सगळ्या टप्प्यांना रिअॅक्टर लावायचं कबूल केलं आहे, कपॅसिटर ५२५ व्होल्टचे घ्यावे लागतील, कारण रिअॅक्टरमुळं कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्के चढते आणि आपल्या रात्रीच्या ४५५ वर ते ४८९ होते.

बसवल्या दिवशीच रिले आणि मीटर शेजारी-शेजारी वाचून घेतले असते तर ते दहा दिवस वाचले असते. दोन मोटरी चालू करायच्या, एक टप्पा हातानं आत टाकायचा आणि मीटरवर केव्हीएआर कमी झाले का पाहायचं, दहा मिनिटांचं काम.

मीटर टेस्टिंगच्या अर्जाचं विचाराल तर रिपोर्ट सप्टेंबरमध्ये आला, मीटर ठीक.

त्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला आता ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे, मिल बंद करताना काय पाडायचं आणि कोणता एमसीबी चालूच ठेवायचा, खाली फिल्टर झाडायचा वार. मजकूर नवीन पोरानंच लिहिला. म्हातारबुवा दिवाळीत गावी आले तेव्हा शेठनं त्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं, त्यांनी उभं राहून पूर्ण वाचलं आणि डीजीच्या मेनची एक गोष्ट राहून गेली आहे म्हणून सांगितलं, ती पण त्याच दिवशी लिहून घेतली.